भाडेकरारात ज्याचे नावच नसते, तो एजंट

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी मे-जूनमध्ये, शाळा-महाविद्यालये सुरू होण्याच्या सुमारास, पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील असंख्य भाडेकरू कुटुंबे घर बदलतात. घरांच्या वाढत्या किमती, त्यांचे हप्ते, बांधकाम व्यावसायिकांकडून होणारी फसवणूक या विषयांवर आपल्या वृत्तपत्रात सातत्याने लिहिले जाते आणि ते आवश्यकच आहे. परंतु जे घर विकत घेऊ शकत नाहीत, किंवा नोकरीच्या अनिश्चिततेमुळे घेऊ इच्छित नाहीत, त्यांच्या अडचणींना त्या मानाने फारच थोडी जागा मिळते. आमचे कुटुंब कित्येक वर्षे भाड्याच्या घरात राहत आहे आणि एक वगळता आम्ही राहिलेली सर्व घरे आम्हाला एजन्सीमार्फतच मिळाली. त्या अनुभवातून आणि संबंधित कायदे वाचल्यावर जी एक गोष्ट मला प्रकर्षाने जाणवली, ती वाचकांपुढे व शासनापुढे मांडावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

घर भाड्याने देण्या-घेण्याच्या व्यवहारात सर्वाधिक अधिकार ज्याच्या हातात असतात, त्या एजंटचे नाव नोंदणीकृत करारात पक्षकार म्हणून कोठेही नसते. घर तोच दाखवतो, भाडे किती आणि डिपॉझिट किती हे तोच सांगतो, टोकनची रक्कम तोच घेतो, कराराचा मसुदा तोच तयार करून आणतो, किल्ली त्याच्याच हातून मिळते, आणि घर सोडताना भिंतीवरचा कोणता डाग डिपॉझिटमधून कापण्याजोगा आहे, हेही बहुतेक वेळा तोच ठरवतो. करारात मात्र मालक असतो, भाडेकरू असतो आणि दोघांची ओळख पटवणारे दोन साक्षीदार असतात. एजंट फार तर या साक्षीदारांपैकी एक म्हणून सही करतो. नंतर गिझर बंद पडला, किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीतून पाणी झिरपू लागले, की एजन्सी म्हणते, ‘मालकांशी बोला,’ आणि बंगळुरूला किंवा अमेरिकेत राहणारे मालक म्हणतात, ‘सगळे एजन्सीकडे दिले आहे, त्यांच्याशी बोला.’ या दोन उत्तरांच्या मध्ये भाडेकरूचे आठवडेच्या आठवडे जातात.

कायदा याबाबतीत अगदीच मुका आहे असे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार प्रत्येक भाडेकरार, मग तो लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची केवळ परवानगी देणारा, का असेना, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. मालकाने करार नोंदवला नाही, तर अटींबाबत वाद झाल्यास, विरुद्ध काही सिद्ध होत नाही तोवर, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इतर अनेक राज्यांत अकरा महिन्यांचा करार केला जातो, तो नोंदणी टाळण्यासाठी, कारण केंद्राच्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. महाराष्ट्रात मुदत कितीही असली तरी नोंदणी सक्तीचीच असल्यामुळे अकरा महिन्यांच्या करारामागे ते कारण उरलेले नाही. तरीही आपल्याकडे सर्रास अकरा महिन्यांचेच करार होतात. यात एजंटचा थेट लाभ आहे, कारण करार संपला की नूतनीकरण आले आणि नूतनीकरण आले की पुन्हा अर्ध्या किंवा पूर्ण महिन्याच्या भाड्याइतकी दलाली आली. त्याच घरात, त्याच मालकाकडे, तेच कुटुंब राहणार असताना ही दुसरी दलाली नेमक्या कोणत्या सेवेबद्दल द्यायची, या माझ्या प्रश्नाला आजवर एकाही एजन्सीने उत्तर दिलेले नाही.

सरकारी खर्च किती असतो, हेही पाहावे. पंचवीस हजार रुपये भाडे, पंचाहत्तर हजार रुपये परत मिळणारे डिपॉझिट आणि अकरा महिन्यांची मुदत असा करार धरला, तर मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरील दहा टक्के दराने काढलेले मानीव व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के, म्हणजे सुमारे सातशे रुपये होते. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार रुपये आहे. म्हणजे ही दोन्ही शुल्के मिळून सतराशे रुपयांच्या आसपास जातात, आणि या नोंदणीसाठी ई-रजिस्ट्रेशनची सोय असल्याने दुय्यम निबंधक कार्यालयात खेटेही घालावे लागत नाहीत. लॅपटॉप आणि अंगठ्याचा ठसा घेणारे छोटे यंत्र घेऊन एक मुलगा घरी येतो आणि अर्ध्या तासात काम होते. या सोयीबद्दल नोंदणी व मुद्रांक विभागाचे मी मनापासून कौतुक करतो. परंतु याच कामासाठी एजन्सी ‘ॲग्रीमेंट चार्जेस’ म्हणून सरकारी शुल्काच्या दुपटी-तिपटीने रक्कम मागते आणि तपशील विचारला की ‘सगळीकडे एवढेच घेतात’ असे सांगते. दलाली, जी पुण्या-मुंबईत साधारणपणे एका महिन्याच्या भाड्याइतकी असते, ती याहून वेगळी. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याची व्यवस्था पोलिसांच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे, तिचेही शुल्क लावले जाते. सोसायटीचे नाव सांगून भाडेकरूकडून घेतल्या जाणाऱ्या रकमांबाबतही असेच आहे. सदनिका भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जो बिनभोगवटा आकार घेते, तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असा शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे आणि तो सदनिकेच्या मालकाने, म्हणजे सोसायटीच्या सभासदाने, भरायचा असतो.

ही दलाली बहुधा दोन्ही बाजूंकडून घेतली जाते. मालकाकडून आणि भाडेकरूकडून एकाच वेळी मोबदला घेणारा माणूस नेमका कोणाचे हित पाहतो, हा प्रश्न मला औपचारिक वाटत नाही. भाडे दोन हजारांनी कमी झाले तर भाडेकरूचा फायदा, पण एजंटची दलालीही तेवढीच कमी. घराला ओल आहे हे भाडेकरूला आधी सांगणे हे भाडेकरूच्या हिताचे, पण मग घर लागणार नाही. मालक एजन्सीचा कायमचा ग्राहक असतो आणि भाडेकरू अकरा महिन्यांचा, म्हणून जेथे हितसंबंधांचा पेच येतो, तेथे निर्णय कोणाच्या बाजूने जातो हे वेगळे सांगायला नको.

डिपॉझिटविषयी मात्र मला सविस्तर लिहिलेच पाहिजे, कारण मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत मोठी जखम तेथे होते. पुण्यात दोन-तीन महिन्यांचे आणि मुंबईत त्याहूनही अधिक भाडे डिपॉझिट म्हणून द्यावे लागते. नव्या घराचे डिपॉझिट आधी भरायचे आणि जुन्या घराचे नंतर मिळायचे, अशी रीत असल्याने घर बदलणाऱ्या कुटुंबाचे दोन डिपॉझिटांचे पैसे काही आठवडे एकाच वेळी अडकून पडतात, आणि अनेकांना त्यासाठी उसनवारी करावी लागते. मागील घर सोडताना आमच्या डिपॉझिटमधून रंगकाम आणि ‘डीप क्लीनिंग’ या दोन नावांखाली मोठी रक्कम कापण्यात आली. रंगकामाचे बिल मागितले, तेव्हा एजन्सीने आपल्याच लेटरहेडवरील अंदाजपत्रक पाठवले. प्रत्यक्षात रंग लावला गेला की नाही, हे कळण्याचा मार्ग आमच्याकडे नव्हता, कारण किल्ली दिल्यावर त्या घरात पाऊल टाकण्याचा आमचा हक्क संपला होता. आम्ही घरात शिरताना घेतलेली छायाचित्रे पाठवली, तर ‘हे आमच्या रेकॉर्डला नाही’ असे उत्तर आले. मालकांशी थेट बोलायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी अतिशय सौजन्याने सांगितले की कापलेली रक्कम आपल्याला मिळालेलीच नाही. मग ती कोणाला मिळाली?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी भाडेकरूला कोठे जायचे, याचा विचार केला म्हणजे व्यवस्थेतील असमतोल लक्षात येतो. मुदत संपूनही भाडेकरूने घर सोडले नाही, तर मालकासाठी याच १९९९ च्या कायद्याचे कलम २४ आहे. त्यानुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि घर ताब्यात मिळेपर्यंत मूळ दराच्या दुप्पट नुकसानभरपाई मागता येते. या तरतुदीला माझा विरोध नाही, कारण तिला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात भाडी गोठवली गेली, पुढे १९७३ मध्ये दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सी, म्हणजे लायसन्स करारावर राहणारे, म्हणून घरात राहत होते त्यांना भाडेकरूंचे हक्क मिळाले, आणि ‘एकदा घर दिले की ते गेले’ ही भीती मालकांच्या मनात कायमची बसली. ती भीती दूर झाल्याशिवाय कोणी घर भाड्याने दिले नसते, आणि आज आमच्यासारख्यांना घरे मिळतात ती या तरतुदीमुळेच, हे मान्य करायला हवे. परंतु मालकाला जसा सक्षम प्राधिकारी दिला, तसा डिपॉझिट अडवून ठेवलेल्या भाडेकरूला कोणताही जलद मार्ग दिलेला नाही. पंधरा-वीस हजार रुपयांसाठी त्याने दिवाणी न्यायालयाची पायरी चढायची, आणि तीही बहुधा दुसऱ्या गावी बदली झाल्यावर, हे व्यवहारात घडत नाही. ग्राहक आयोगाकडे जाता येते, कारण दलाली देऊन घेतलेली सेवा ही सेवाच आहे, आणि लहान रकमांच्या तक्रारीला तेथे शुल्कही लागत नाही. पण त्यासाठी दलाली दिल्याचा पुरावा हवा, आणि एजन्सी पावती देत नाही. पैसे कोणा एका व्यक्तीच्या खात्यावर पाठवायला सांगितले जातात, आणि ती व्यक्ती एजन्सीची कोण लागते हे कोठेही लिहिलेले नसते.

याच कलम २४ मध्ये आणखी एक वाक्य आहे, ज्याची बहुतेक भाडेकरूंना कल्पना नसते. लेखी लायसन्स करारात जे नमूद केलेले असते, तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे करारात ‘सदनिका पूर्ण सुस्थितीत मिळाली’ असे छापलेले असेल आणि आपण अंगठा उमटवला असेल, तर नंतर स्वच्छतागृहाची फरशी आधीपासूनच फुटलेली होती, हे सांगून उपयोग होत नाही. असा निर्णायक दस्तऐवज बहुतेक भाडेकरू पहिल्यांदा वाचतात तो अंगठा देण्याच्या दिवशी, इंग्रजीत, सामानाचा टेम्पो दारात उभा असताना. लॉक-इनची, म्हणजे घर सोडता न येण्याची, मुदत, नोटिशीचा कालावधी, रंगकामाची अट, मधूनच घर सोडल्यास होणारी कपात या सर्व गोष्टी त्यात असतात, आणि त्यावर चर्चा करू गेल्यास ‘हे स्टँडर्ड ॲग्रीमेंट आहे’ एवढेच उत्तर मिळते. माझी सर्व भाडेकरूंना कळकळीची विनंती आहे की टोकन देण्यापूर्वी मसुदा मागून घ्यावा, मराठी मसुदा हवा असेल तर तसे सांगावे, घरातील वस्तूंची व त्यांच्या अवस्थेची यादी कराराला जोडायला लावावी आणि नोंदणीनंतर मिळणारा इंडेक्स-२, म्हणजे नोंदवलेल्या कराराचा सरकारी गोषवारा, स्वतःकडे जपून ठेवावा.

एजंटच्या हातातील आणखी एका अधिकाराविषयी लिहिणे मला अवघड वाटते, पण टाळणे अयोग्य ठरेल. घराची चौकशी करताना पहिला प्रश्न आडनावाचा असतो. मग खाणे-पिणे, मग ‘फॅमिली की बॅचलर’, आणि एकटी राहणारी नोकरदार स्त्री असेल तर तिच्याकडे कोण-कोण येणार, याची चौकशी. माझ्या एका सहकाऱ्याला केवळ नाव ऐकल्यावर ‘ते घर आत्ताच गेले’ असे सांगण्यात आले, आणि तासाभराने माझ्या नावाने विचारल्यावर तेच घर दाखवण्याची तयारी होती. एजन्सी म्हणते की ही मालकांची अट आहे, आणि कदाचित ती असेलही. परंतु ही अट तोंडी चालते, तिची कोठेही नोंद होत नाही, आणि जो ती अंमलात आणतो त्याच्यावर कसलेही बंधन नाही. ज्या शहराने शिक्षणासाठी गावोगावची मुले सामावून घेतली, त्या शहरात हे घडावे याचे मला अतोनात दुःख होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ अन्वये स्थापन झालेल्या महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, घरविक्रीच्या क्षेत्रात एजंटांना शिस्त लावली. नोंदणीशिवाय कोणालाही महारेरा प्रकल्पातील घराची विक्री करून देता येत नाही, आणि २०२३ पासून तर एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होणे सक्तीचे करण्यात आले. पण त्या कायद्यातील एजंटची व्याख्याच विक्रीच्या व्यवहारापुरती आहे. परिणामी ज्या दुकानाच्या पाटीवर ‘सेल / रेंट’ असे दोन शब्द लिहिलेले असतात, त्यातील पहिल्या शब्दासाठी परीक्षा, नोंदणी क्रमांक आणि तक्रारीची सोय, आणि दुसऱ्या शब्दासाठी काहीच नाही, अशी स्थिती आहे. साठ लाखांचे घर विकत घेणाऱ्याला जे संरक्षण मिळते, ते दरमहा वीस हजार भाडे भरणाऱ्याला का नाकारावे? उलट त्याची सौदाशक्ती कमी, म्हणून त्याला ते अधिक हवे.

हे अशक्य नाही, याची उदाहरणे आहेत. इंग्लंडमध्ये शिक्षण-नोकरीसाठी गेलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना विचारावे. तेथे १ जून २०१९ पासून एजन्सीला भाडेकरूकडून दलाली किंवा कराराचे शुल्क घेता येत नाही. डिपॉझिट सर्वसाधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक असू शकत नाही, आणि ते तीस दिवसांच्या आत शासनमान्य योजनेखाली सुरक्षित करावे लागते. कपातीबाबत वाद झाला, तर त्या योजनेची तटस्थ यंत्रणा दोन्ही बाजूंची छायाचित्रे व कागद पाहून निर्णय देते. भाडेकरूंच्या तक्रारी सोडवणाऱ्या मान्यताप्राप्त यंत्रणेचे सभासदत्वही तेथील एजन्सीला २०१४ पासून सक्तीचे आहे. जर्मनीने २०१५ मध्ये एवढाच नियम केला की ज्याने एजंट नेमला त्यानेच त्याची दलाली द्यावी. या देशांत भाडेकरूंच्या सर्व अडचणी संपल्या असे मी म्हणत नाही, भाडी तर तेथेही भयंकर आहेत. परंतु मध्यस्थ कोण आणि त्याला जाब कोठे विचारायचा, हे तेथे भाडेकरूला ठाऊक असते.

आपल्याच केंद्र शासनाच्या मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. निवासी जागेसाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावे, मालकाने घरात येण्यापूर्वी चोवीस तास आधी कळवावे, वाद सोडवण्यासाठी स्वतंत्र भाडे प्राधिकरण असावे, अशा तरतुदी त्यात आहेत. त्याला जोडलेल्या माहितीच्या नमुन्यात घरमालक आणि भाडेकरू यांच्याबरोबर मालमत्तेच्या व्यवस्थापकाचे नाव व पत्ता लिहिण्यासाठीही रकाना आहे. हा कायदा स्वीकारणे राज्यांवर बंधनकारक नाही, आणि मुंबईतील पागडीच्या जुन्या भाडेकरूंच्या चिंता लक्षात घेता तो जसाच्या तसा आणावा, असाही माझा आग्रह नाही. पण त्या एका रकान्यासाठी संपूर्ण नवा कायदा येईपर्यंत थांबण्याची गरज मला दिसत नाही.

लिव्ह अँड लायसन्सच्या ई-रजिस्ट्रेशन प्रणालीत मालक, भाडेकरू आणि साक्षीदार यांची माहिती भरावीच लागते. त्याच अर्जात, व्यवहार मध्यस्थामार्फत झाला असल्यास त्याचे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि दोन्ही बाजूंकडून घेतलेली दलाली लिहिण्याची सोय नोंदणी व मुद्रांक विभागाने करावी. भाड्याचे व्यवहार करणाऱ्या एजन्सींसाठी नोंदणी सक्तीची करावी. ती महारेराने करावी की राज्याच्या गृहनिर्माण विभागाने, हे तज्ज्ञांनी ठरवावे. ज्या एजन्सीने डिपॉझिट स्वतःच्या हातात घेतले, तिने कपातीची मूळ बिले ठरावीक मुदतीत देणे बंधनकारक असावे, आणि नूतनीकरणावरील दलाली पूर्णपणे बंद व्हावी. सचोटीने काम करणारे एजंट पुष्कळ आहेत. आम्हाला एक असे भेटले होते, ज्यांनी स्वतःहून घरातील ओल दाखवली आणि मालकाकडून ती दुरुस्त करून घेतल्यावरच टोकन स्वीकारले. अशांना नोंदणीचा त्रास होणार नाही, उलट पावतीही न देणाऱ्यांशी करावी लागणारी स्पर्धा थांबेल.

राज्य विधिमंडळातील पुण्याच्या सर्वपक्षीय प्रतिनिधींनी हा विषय येत्या अधिवेशनात मांडावा आणि आपल्या वृत्तपत्राने त्याचा पाठपुरावा करावा, अशी नम्र विनंती आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक भाडेकरू, कोथरूड, पुणे